रुजायचे दिवस

विदगावच्या पुलावर गाडी आली तेव्हा मी पाण्याची दुसरी बाटली उघडली. खाली तापी गढूळ, भरून चाललेली. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. अकरा वाजता जळगावच्या सेंटरमध्ये माझं एम्ब्रियो ट्रान्सफर, म्हणजे बाहेर फळवलेला गर्भ गर्भाशयात सोडणं, होतं आणि त्यासाठी पोटात लिटरभर पाणी हवं होतं. भरलेल्या मूत्राशयामागचं गर्भाशय सोनोग्राफीत स्वच्छ दिसतं, शिवाय पुढे झुकलेलं गर्भाशय त्याच्या भाराने जरा सरळ होतं आणि बारीक नळीला वाट मिळते. नवरा एकेक खड्डा बघून गाडी काढत होता. मी म्हटलं, "अहो, आत्ता कशाला एवढं? अजून पोटात पाण्याशिवाय काही नाही." तो म्हणाला, "येताना कुठले चुकवायचे ते बघून ठेवतोय."

ही आमची तिसरी वेळ होती.

मी चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' हा धडा आहे. मासिक पाळी, प्रजनन, टेस्ट ट्यूब बेबी, सगळं त्यात येतं. शुक्रपेशी, अंडपेशी, युग्मनज इथपर्यंत फळ्यावर आकृती काढायची, मग 'हा गर्भ गर्भाशयात रुजतो' असं म्हणायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं, अशी माझी वर्षानुवर्षांची पद्धत. त्या एका वाक्यात आठवडाभराचं काम दडलेलं आहे आणि कितीतरी गर्भ तिथेच थांबतात, हे स्वतःवर आलं तेव्हा मला कळलं.

लग्नाला चार वर्षं होऊनही दिवस राहिले नाहीत तेव्हा आम्ही तपासण्या सुरू केल्या. गर्भनलिकांचा एक्स-रे काढला. दोन्ही नळ्या बंद, आणि टोकाला फुगून आत पाणी साचलेलं. आधी ज्या सेंटरला गेलो तिथे सांगितलं, नळ्यांची काळजी करू नका, आपण बीज सरळ बाहेर काढणार, बाहेर फळवणार आणि गर्भाशयात ठेवणार, म्हणजे नळ्यांचा संबंधच येत नाही. ऐकायला पटलं. तीन दिवसांचे दोन गर्भ सोडले आणि मला पंधरा दिवस पलंगावर झोपवलं. उशाला विटा लावून पायथा उंच केला होता. जेवण पलंगावर. अंघोळसुद्धा एक दिवसाआड. सोळाव्या दिवशी रिपोर्ट आला, काही नाही.

त्यानंतरचे महिने मला आठवायला आवडत नाहीत, पण सांगते, कारण ते अनेकींच्या वाट्याला येतात. प्रत्येक बाई मला एकच विचारायची, नेमकं काय केलंस? कुस बदलली का? शिंकलीस का? रडलीस का? पायऱ्या उतरलीस का? माझ्या काकूसासूंना पक्कं आठवत होतं की बाराव्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे काढायला गेले होते. मीही रात्री तेच उगाळायची. तो दोरीवरचा टॉवेल मी हात उंच करून ओढला होता. तेव्हाच काही सुटलं असेल का? विज्ञानाची शिक्षिका मी, आणि मला त्या टॉवेलचं उत्तर देता येत नव्हतं.

जळगावच्या डॉक्टर मॅडमनी ते दिलं. त्यांनी कागदावर गर्भाशय काढलं. आपण पुस्तकात काढतो तसं पिशवीसारखं पोकळ नाही. म्हणाल्या, "आकृतीत जागा दाखवावी लागते म्हणून पोकळी काढतात. खरं तर पुढची आणि मागची भिंत एकमेकींना चिकटून असतात." आपल्या खापरावरच्या पुरणपोळीत दोन पोळ्यांच्या मधे पुरण कसं बसलेलं असतं, तसा गर्भ दोन ओल्या, मऊ भिंतींच्या मधे बसतो. तो मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग, रव्याच्या कणाहून लहान. उभं राहिल्याने तो पडत नाही, चालल्याने घसरत नाही. आणि लघवीची वाट तर वेगळीच आहे, तिचा ह्याच्याशी काही संबंध नाही. पलंगावर पडून राहिल्याने तो जास्त रुजतो असं कुठल्याच अभ्यासात दिसलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी त्यांच्यासमोर रडले. त्या टॉवेलसाठी रडले.

मग त्यांनी माझ्या नळ्यांचा एक्स-रे पुन्हा लावला. फुगलेल्या नळीतलं ते पाणी उलटं गर्भाशयात झिरपतं. ते गर्भालाही मानवत नाही आणि अस्तरालाही. म्हणून अशा नळ्या आधी गर्भाशयापासून तोडतात किंवा चाप लावून बंद करतात आणि नंतरच गर्भ सोडतात. हे आधीच्या ठिकाणी व्हायला हवं होतं. झालं नाही. त्यावर फार लिहीत नाही, पण ज्या बहिणींच्या रिपोर्टमध्ये 'हायड्रोसालपिंक्स', म्हणजे पाणी साचलेली नळी, हा शब्द असेल त्यांनी ट्रान्सफरच्या आधी डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा, एवढंच म्हणते.

दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा तपासायला घेतला, त्यात क्षय निघाला. मला आयुष्यात कधी महिनाभर खोकला झालेला नाही. आपल्याकडे टीबी म्हटलं की छातीच डोळ्यांसमोर येते. पण ते जंतू रक्तातून नळ्यांत आणि गर्भाशयात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं काही दुखत-खुपत नाही. भारतात नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. सहा महिने गोळ्या घेतल्या. लघवी नारिंगी व्हायची, तोंडाची चव जायची. कळण्याची भाकरी आणि ठेचा एवढंच काय ते जिभेला लागायचं. मग दुर्बिणीने नळ्यांना चाप. मग पुन्हा रोजची इंजेक्शनं, पुन्हा पिकअप, म्हणजे बीजं बाहेर काढणं. नऊ बीजं मिळाली, सहा फळली, पाचव्या दिवसापर्यंत तीन टिकली. तिन्ही गोठवून ठेवली.

गोठवून म्हणजे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या उन्हात मी शाळेतून घरी येताना कितीदा मनात म्हणायची, तिघं थंडीत आहेत, बरे असतील. ह्या निमित्ताने मी कोलकात्याच्या डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय ह्यांच्याबद्दल वाचलं. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मली, आणि त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात तशीच दुर्गा जन्मली. मुखोपाध्यायांनी तिचा गर्भ गोठवून ठेवला होता आणि नंतरच्या पाळीत आईच्या गर्भाशयात सोडला होता. म्हणजे आज माझ्यासारखीवर जे करतात, त्याची वाट त्यांनी तेव्हाच काढली होती. सरकारी समितीने त्यांचं म्हणणं मानलं नाही. १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला डॉक्टर इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली तेव्हा ते नव्हते. मी वर्गात हे सगळं आता सांगते.

दुसरं ट्रान्सफर जानेवारीत झालं, एकच गर्भ. चौदाव्या दिवशी बीटा, म्हणजे रुजणारा गर्भ आईच्या रक्तात सोडतो त्या संप्रेरकाची तपासणी, आला ३८. नवऱ्याने फोनवर आकडा वाचला आणि ओरडला, कारण पाचच्या वर म्हणजे पॉझिटिव्ह असं त्याने कुठेतरी पाहिलं होतं. मॅडमचा आवाज मात्र सावध होता. "दोन दिवसांनी पुन्हा करू." दोन दिवसांनी २१. पाळी आली.

हा रुजायला लागलेला गर्भ होता. चिकटला होता, आत शिरायला लागला होता, त्याने माझ्या रक्तात आपली खूण सोडली होती, आणि मग थांबला. डॉक्टर त्याला बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. घरात बहुतेकांना वाटलं, काही झालंच नव्हतं. मला माहीत होतं की झालं होतं. मॅडमनी तेव्हा एक अभ्यास सांगितला, तो मी नंतर शोधून वाचला. ॲलन विल्कॉक्स नावाच्या संशोधकाने अमेरिकेत २२१ बायकांची रोजची लघवी तपासली होती. त्या मूल व्हावं म्हणून नुकत्याच प्रयत्नाला लागलेल्या, कुठलेही उपचार न घेणाऱ्या साध्या बायका होत्या. १९८८ साली तो प्रसिद्ध झाला. १९८ गर्भधारणा सापडल्या आणि त्यांतल्या २२ टक्के बाईला पत्ता लागण्याआधीच संपल्या होत्या. पाळी दोन-चार दिवस लांबली, थोडी जास्त गेली, एवढंच. म्हणजे मला टॉवेल विचारणाऱ्यांपैकी कितीतरी जणींच्या पोटात असा एखादा येऊन गेला असेल आणि त्यांना ठाऊकही नसेल. गर्भ असा थांबतो त्याचं बहुतेक वेळा कारण त्याच्या गुणसूत्रांत असतं, बीज तयार होताना झालेल्या वाटणीतल्या चुकीत. ती चूक जिन्यावर होत नाही.

तिसऱ्या वेळेची तयारी आषाढात सुरू झाली. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून एस्ट्रोजेनच्या गोळ्या, दिवसातून तीनदा. ह्या गोळ्या अस्तर वाढवतात. बाराव्या दिवशी सोनोग्राफी झाली, अस्तर ८.४ मिलिमीटर आणि त्यात तीन रेघा स्पष्ट. मॅडमना किमान सात हवं होतं. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण अजून हे गर्भाला घेणार नाही. नुसतं वाढलंय, पिकलेलं नाही."

पिकवण्याचं काम प्रोजेस्टेरॉनचं. ते सुरू झालं की अस्तराच्या ग्रंथी गर्भासाठी पोषक रस सोडायला लागतात, पेशी फुगून साखर आणि चरबी साठवतात, वरच्या थरावर चिकटायला लागणारी प्रथिनं उगवतात. आणि मग मोजके चार-पाच दिवस दार उघडतं. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत साधारण विसाव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत. त्या आधी गर्भ आला तर अस्तर त्याला ओळखत नाही, नंतर आला तर धरत नाही. म्हणून पाच दिवसांचा गर्भ प्रोजेस्टेरॉनच्या पाच दिवसांनंतर सोडतात, दोघांचं वय जुळवून. एक तास इकडेतिकडे होऊ नये म्हणून मी मोबाईलवर सकाळी आठ आणि रात्री आठचा गजर लावला. तो गजर पुढे तीन महिने वाजणार होता.

नवऱ्याला हे सगळं केळीतून समजतं. आमच्याकडे मृगबाग असते. जूनमध्ये त्याने टिश्यू कल्चरची रोपं आणली होती. ती रोपं बाटलीत जन्मतात, मग पॉलीहाऊसमध्ये, मग शेडनेटखाली हवेला सरावतात, तेव्हा कुठे वावरात येतात. ह्या सरावण्याला हार्डनिंग म्हणतात. "आपलंही हार्डनिंगच चाललंय," तो एकदा जेवताना म्हणाला. मला ते आवडलं, पण मी त्याला फरकही सांगितला. माती रोपाला तपासत नाही. लावलं की पाणी-खत घालून ते धरेल. इथे अस्तर गर्भाला पारखतं, गर्भ अस्तराशी बोलतो, आणि दोघांचं जमलं तरच पुढे. शिवाय रोप मातीत आपण लावतो. गर्भाला कुणी लावत नाही. डॉक्टर त्याला फक्त दाराशी ठेवतात, आत तो स्वतः शिरतो. नवरा घास हातात धरून ऐकत राहिला. म्हणाला, "म्हणजे आपल्या हातात एवढंच."

हो, एवढंच.

तर ट्रान्सफरच्या त्या गुरुवारी मी हिरवा गाऊन घालून टेबलावर होते, पोटाला तडस लागलेली. भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी. बाजूच्या स्क्रीनवर लॅबमधलं चित्र आलं आणि एम्ब्रियॉलॉजिस्ट ताईंनी आतून विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा, तुमच्या मिस्टरांचं सांगा." मग म्हणाल्या, "सकाळी काढलाय, छान उघडलाय. बघा, कवचातून बाहेर यायला लागलाय."

एक गोल. आत एका बाजूला पेशींचा घट्ट पुंजका, त्यातून बाळ होतं. बाहेरचा पातळ थर, त्यातून पुढे वार, म्हणजे प्लॅसेंटा, होते. आणि सगळ्याभोवतीच्या कवचाला एका ठिकाणी भोक पडून तिथून फुग्यासारखा भाग बाहेर डोकावत होता. हे कवच बीजाचं. गर्भ त्याच्या आत असतो तोवर कुठे चिकटू शकत नाही. म्हणून रुजण्याआधी त्याला कात टाकावी लागते.

मऊ नळी आत गेली. मला जाणवलं ते फक्त मूत्राशयावरचं सोनोग्राफीचं दाबणं. पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकला आणि थांबला. तो गर्भ नव्हे, त्याच्यासोबतचा हवेचा बुडबुडा, गर्भ तर सोनोग्राफीत दिसण्याइतका मोठाच नसतो. पण मी त्या ठिपक्यालाच डोळे लावून बसले. नळी पुन्हा लॅबमध्ये गेली, ताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून सांगितलं, "नळी रिकामी आहे." ह्या तीन शब्दांइतके चांगले शब्द मी त्या वर्षात ऐकले नव्हते. दहा मिनिटांनी मी उठले आणि बाथरूमला गेले. पहिल्या वेळी मला चार तास लघवीला जाऊ दिलं नव्हतं.

येताना नवऱ्याने सगळे खड्डे चुकवले. मी त्याला काही म्हटलं नाही.

रविवारी आमच्याकडे कानबाई. खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिला नदीवर पोचवतात. रोटांचे गहू भाऊबंदकीत एकत्र निवडले जातात. आमच्या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची रीत आहे. शनिवारी गहू मोजताना काकूसासूंनी शेवटी एक मूठ जास्तीची उचलली, माझ्या पोटाकडे बघून. सासूबाईंनी त्यांचा हात धरला. काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली. ती मूठ परत सुपात गेली. जानेवारीत त्या माझ्याइतक्याच रडल्या होत्या, हे मला तेव्हा आठवलं.

रविवारी घरात तीस माणसं. खापर पेटलेलं, गंगाफळाची भाजी शिजत होती, पुरणाचा वास. मी पोळ्या लाटायला बसले तशा काकूसासू मोठ्याने म्हणाल्या, "मागला खेपले तू वावरमा गयथी ना?" सगळ्या माना माझ्याकडे. खरं होतं, जानेवारीत मी संक्रांतीनंतर एकदा मळ्यात गेले होते. मला एकदम तो टॉवेल आठवला. पण ह्या वेळी मी उत्तर द्यायच्या आतच सासूबाई बोलल्या, "तिले काम करू द्या. डॉक्टरनी सांगेल शे." आणि लाटणं माझ्या हातात दिलं.

मी लाटत होते आणि मनात मोजत होते. गुरुवारी पाच दिवसांचा. शुक्रवारी कवचातून पूर्ण बाहेर आला असेल. शनिवारी भिंतीला टेकला असेल, पुंजक्याची बाजू भिंतीकडे करून, कारण तो त्याच बाजूने चिकटतो. आधी नुसता टेकतो, सैल. मग घट्ट चिकटतो. मग बाहेरच्या थरातल्या पेशी एकमेकींत मिसळून एक सलग पसरणारा थर होतो आणि तो थर अस्तरात वाट काढत शिरतो. आज रविवार, आठवा दिवस, अर्धा आत गेला असेल. सोमवारी-मंगळवारी जवळजवळ पूर्ण. मग त्याच्यावरचं अस्तर जखम भरावी तसं भरून येतं आणि आतल्या पोकळ्यांत माझं रक्त यायला लागतं. बाहेर बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या. माझ्या पोटात हे चाललं असेल किंवा नसेल. दोन्ही शक्य होतं, आणि पोळी गोल लाटण्याने त्यात काही फरक पडणार नव्हता. हे मला तेव्हा अगदी आतून कळलं. मी पोटभर जेवले.

आठ वाजता गजर वाजला तेव्हा आरती सुरू होती. मी हळूच उठून आत गेले, औषध ठेवलं आणि परत येऊन उभी राहिले.

पुढचे दिवस लांब गेले. छाती दुखायची, पोट जड, चौथ्या-पाचव्या दिवशी एकदा गुलाबीसर डाग दिसला. जानेवारीत अशा प्रत्येक लक्षणावर मी मोबाईल उघडून बसायची आणि चोपड्याहून आणलेल्या स्ट्रिपा रोज पहाटे बाथरूमच्या खिडकीत उजेडाला धरायची. ह्या वेळी मॅडमनी आधीच बजावलं होतं, प्रोजेस्टेरॉनमुळे हे सगळं तसंही होतं, गर्भ असो नसो. लक्षणांवरून कळत नाही. डाग तर रुजल्यामुळेही पडत असेल, औषधामुळेही, तपासणीमुळेही. स्ट्रिप आणायची नाही असं ठरवलं आणि आणली नाही. आईचा धुळ्याहून रोज फोन यायचा. ती काही विचारायची नाही. पाऊस, गाय, भावाचा पोरगा, असं बोलून शेवटी म्हणायची, "काही घोर करू नको, बेटा. जे व्हई ते देखसूत."

विल्कॉक्स ह्यांचाच १९९९ चा दुसरा अभ्यास मी त्या दिवसांत पुन्हा वाचला. नैसर्गिकरीत्या टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के बीज सुटल्यापासून आठव्या ते दहाव्या दिवसात रुजलेले सापडले होते. आणि जे उशिरा रुजले, अकराव्या-बाराव्या दिवशी, त्यांत लवकर संपण्याचं प्रमाण जास्त होतं. जानेवारीतला माझा उशिरा पोचला असेल का, हे आता कधीच कळणार नाही. मी वही मिटली.

चौदावा दिवस गुरुवारच होता. सकाळी चोपड्याला रक्त दिलं आणि शाळेत गेले. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, मुलींची लेझीम बसवायची होती. तीन वाजता व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. मी मैदानावर होते. पीडीएफ उघडायला वेळ लागत होता, सारखं गोल फिरत होतं.

६४२.

मी खाली बसले. मुलींना वाटलं चक्कर आली. एकीने पाण्याची बाटली आणली. नवऱ्याला फोन लावला, त्याच्यामागे मोटरचा आवाज येत होता. मी आकडा सांगितला. तो काही ओरडला नाही. जानेवारीने त्याला शिकवलं होतं. म्हणाला, "शनिवारी पुन्हा करायचा ना?" मी हो म्हटलं. मग दोघंही बराच वेळ फोन कानाला धरून होतो.

बीटा म्हणजे एचसीजी. अस्तरात शिरणारा तो सलग थर हे संप्रेरक बनवतो आणि आईच्या रक्तात सोडतो. एरवी ह्या संप्रेरकाचं काम असतं अंडाशयातल्या पीतपिंडाला सांगणं, की मी आलोय, तू प्रोजेस्टेरॉन बनवणं थांबवू नकोस. तो निरोप पोचला नाही तर पीतपिंड सुकतो आणि पाळी येते. माझ्या ह्या चक्रात बीज सुटलंच नव्हतं, पीतपिंड नव्हता. गर्भ निरोप पाठवत होता आणि तो घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून माझे आठ आणि आठचे गजर. वार पुरेशी वाढून स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवायला लागेपर्यंत ते मीच पुरवायचं होतं. हे समजल्यावर मला त्या गजराचा कधी कंटाळा आला नाही.

शनिवारी १३९०. दुपटीहून जास्त. मॅडम फोनवर पहिल्यांदा मोकळ्या हसल्या, आणि लगेच म्हणाल्या, "सोनोग्राफी होईपर्यंत थांबा. गर्भाशयातच आहे ना, तेही बघायचंय." नळ्यांचा त्रास असलेल्यांमध्ये गर्भ नळीत रुजण्याची भीती जास्त, आणि चाप लावले म्हणून ती पूर्ण जात नाही. पुढचे बारा दिवस कुठे बारीक दुखलं तरी मी जागच्या जागी थांबायची.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा गुरुवारी, आम्ही जळगावला गेलो. शेवटच्या पाळीपासून मोजायची रीत असल्याने त्या दिवशी मी सहा आठवडे आणि पाच दिवसांची होते, जरी गर्भ स्वतः पावणेपाच आठवड्यांचा होता. पडद्यावर काळी पिशवी, बरोबर गर्भाशयात, वरच्या बाजूला. आत पिवळकाची बारीक कडी, आणि तिला टेकून आठ मिलिमीटरचा एक पांढुरका दाणा. त्या दाण्याच्या मधे काहीतरी लुकलुकत होतं. मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी आवाजाचं बटणही दाबलं नाही, नुसता स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि रेघ मोजली. "मिनिटाला ११८." नवरा माझ्या डोक्याशी उभा होता. त्याचा हात माझ्या कपाळावर होता आणि तो थरथरत होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला देवासमोर बसवलं आणि माझ्या ओटीत नारळ घातला. काकूसासू आल्या होत्या. त्या माझ्याजवळ बसल्या आणि बऱ्याच वेळाने हळू आवाजात म्हणाल्या, त्यांचीही लग्नानंतर दोनदा पाळी अशीच लांबून खूप गेली होती, तेव्हा त्यांच्या सासूने विहिरीचं पाणी ओढल्याचं निमित्त केलं होतं. त्यांनी चाळीस वर्षं ते मनात ठेवलं होतं. मी त्यांना विल्कॉक्सचा अभ्यास सांगितला, २२१ बायका, रोजची लघवी, सगळं. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे पाणी ओढल्यानं नव्हतं?" मी म्हटलं, "नाही, काकू. पाणी ओढल्यानं नव्हतं."

गणपती उठल्यावर दहावीला तो धडा आला. एरवी एका वाक्यात उरकायची त्या जागी मी खडू हातात घेऊन थांबले आणि फळ्यावर गर्भाशयाच्या दोन भिंती एकमेकींना चिकटलेल्या काढल्या. मधे ठिपका. पाचवा दिवस, सहावा, सातवा, असे खाली चौकोन पाडले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. अडावदकडून बसने येणारी, एरवी न बोलणारी. म्हणाली, "मॅडम, गर्भ अर्धा वडिलांचा असतो. मग आईच्या शरीराला तो परका वाटत नाही का? ते त्याला बाहेर का काढून टाकत नाही?"

अस्तरातल्या संरक्षक पेशी त्या दिवसांत हल्ला करायचं सोडून रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात, इथून मी सुरुवात केली. त्या प्रश्नाला तो अख्खा तास गेला.